कौतुक नको, जागा द्या

आपल्या समाजात सध्या संस्कृतीच्या गौरवाला मोठा बहर आला आहे. वर्षातून एकदा महोत्सव भरतो. लाल लुगडी नेसलेल्या चार वयस्क स्त्रियांना व्यासपीठावर आणले जाते, त्या सामवेदी बोलीत लग्नगीत गातात आणि आपण टाळ्या वाजवतो. पुढे घरी लग्न निघाले की त्याच स्त्रियांना मंडपाच्या एका कोपऱ्यात बसवून आपण डीजेचे भोंगे उभे करतो. या विसंगतीला मी ढोंग म्हणतो. शब्द कठोर आहे, याची मला जाणीव आहे; परंतु सौम्य शब्दांनी आता काम भागणार नाही.

वसईच्या सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती घरांतील लग्नगीते, मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन समाजाचे घुमट, गावोगावचे ब्रासबँड, आपल्याच तरुणांनी चाल लावलेली भक्तिगीते, हे आपले स्वतंत्र संगीत होय. त्याच्या पाठीशी कोणतीही कंपनी नाही, जाहिरात नाही. ते समाजाच्या प्रसंगांवर जगते. मांडव घालण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला त्याचे त्याचे गाणे होते. ते करमणुकीचे साधन नव्हते, विधीचाच भाग होते. प्रसंग काढून घेतला की गाणे उरते ते केवळ नमुना म्हणून, संग्रहालयातील भांड्यासारखे.

इतिहास काय सांगतो? फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा परकीय छंद आपल्यावर न लादता त्यांनी या मातीची ओवी हाती घेतली. सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपल्या साहित्याचा पाया आहे. पुढे १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूमनामा काढून ख्रिस्ती विवाहातील देशी वाद्ये व ओव्या निषिद्ध ठरविल्या. त्या बंदीलाही आपल्या आजी-पणज्यांचे कंठ पुरून उरले. सत्तेच्या धाकाने जे मेले नाही, ते आज आपण आपल्याच पैशाने, भाड्याच्या यंत्रांखाली चिरडत आहोत!

काही श्रद्धावंत म्हणतात, “फादर, लग्नाचे ठीक आहे, पण ढोलकी आणि घुमट देवळात शोभत नाहीत.” त्यांनी ख्रिस्तसभेचे दस्तऐवज पाहावेत. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली देवळात ढोलाला मनाई केली हे खरे. परंतु त्याच आदेशात पियानोलाही मनाई होती, हे आपण सोयीस्कर विसरतो. आज बटण दाबताच तयार ताल वाजवणारा कीबोर्ड आपल्याला पवित्र वाटतो आणि माणसाच्या हाताने वाजणारी ढोलकी मात्र अपवित्र! दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात, ऑर्गनचा मान राखूनही, उपासनेला साजेशा इतर वाद्यांना दार उघडले आणि मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्यास सांगितले. त्या शिकवणीला सहा दशके उलटून गेली. अडथळा आता रोममध्ये नाही, आपल्या गायनवृंदाच्या माळ्यावर आहे.

दुसरा आक्षेप असा की, तरुणांना हे आवडत नाही. जे त्यांच्या कानावरच पडत नाही, ते त्यांना आवडावे तरी कसे? उलट, गावातील कित्येक मुले आज घरच्या घरी गीते रचतात, ध्वनिमुद्रित करतात आणि मोबाइलवरून सर्वदूर पोहोचवतात. त्यांना आपण काय देतो? डीजेला आगाऊ रक्कम, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम. आणि आपल्या वादकाला मात्र “देवाची सेवा आहे, बाळा” असे सांगून रिकाम्या हाती परत पाठवतो. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, ही प्रभूची शिकवण त्याच्या बाबतीत आपल्याला आठवत नाही. वेतन चुकवण्यासाठी देवाचे नाव वापरणे हे सेवेचे नव्हे, कंजूषपणाचे लक्षण आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक लग्नघराने हळदीच्या संध्याकाळी निदान एक तास यंत्रे बंद ठेवावीत आणि स्त्रियांना गाऊ द्यावे. सुना-मुलींनी त्यांच्या शेजारी बसून शब्द उचलावेत. फेस्ताच्या मिरवणुकीत पहिला मान गावच्या बँडला मिळावा, तोही ठरलेल्या मोबदल्यासह. धर्मग्रामाच्या युवकांनी वृद्धांची गीते शब्द, चाल आणि गाणारीचे नाव यांसह जतन करावीत. आणि गायनवृंदाने महिन्यातून एका मिस्सामध्ये तरी आपल्या मातीच्या चालीचे गीत गावे.

रात्री १० वाजले की कायद्याने भोंगे बंद होतात. त्यानंतर मंडपात काय उरते, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा पाहावे. जुन्या मंडपांत त्या वेळी गाणे खरे रंगात येत असे, कारण त्याला ना विजेची गरज होती, ना कर्ण्याची. गरज होती ती पाठ असलेल्या चार बायांची. त्या बाया अजून आपल्यात आहेत. त्यांचा सत्कार पुष्कळ झाला. आता त्यांना मांडवात बोलवा.