बॅज पर्मनंट लोकांनाच का?

गेल्या महिन्यात सोलापुरातील एका रुग्णालयात वृद्ध मामांना एक्स-रेसाठी नेले होते. मामांचा हात थरथरत होता म्हणून वॉर्डबॉयने तो टेबलावर दाबून धरला. अंगावर शिशाचा एप्रन नाही. तो आत खुंटीला टांगलेला होता. मी नातेवाईक शेजारीच उभा, पण एप्रन घालून तुम्ही धरा, असे मला कोणी म्हटले नाही. बाहेर आल्यावर विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, रोज आठ-दहा पेशंट धरतो. बॅज पर्मनंट लोकांना असतो, आम्ही ठेकेदाराचे."

हे कायद्याला धरून नाही. अणुऊर्जा (किरणोत्सार संरक्षण) नियम, २००४ मधील कामगाराच्या व्याख्येत पूर्णवेळ, अर्धवेळ आणि तात्पुरता, तिघेही येतात. मात्रेची मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. एका फोटोने कोणाचे काही बिघडत नाही, हे खरेच. पण रोजचे साचत जाते. एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली स्वतःच्या हातांवर क्ष-किरणांच्या नळ्या तपासत असे. १९०४ साली तो गेला, तेव्हा त्याचे दोन्ही हात आधीच कापावे लागले होते.

बॅज अंगाचे रक्षण करतो, असा समज काही कर्मचाऱ्यांतही आढळतो. तो फक्त मोजतो. म्हणूनच तो ड्रॉवरमध्ये ठेवून उपयोग नाही. एप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. आणि ज्याला बॅजच नाही, त्याच्या मात्रेची कुठेही नोंद नाही. उद्या तो आजारी पडला तर न्यायालयात आम्ही काय दाखवायचे? कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले. पण पुराव्याशिवाय हा हक्क कागदावरच राहतो.

आयाबाईंचा प्रश्न तर याहून नाजूक. गरोदरपण कळवले की गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा पोचू नये, अशी कामाची व्यवस्था करावी लागते. काम जाईल या भीतीने ठेक्यावरील बाई कळवतच नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ साली खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली होती. त्या स्त्रियाही रोजंदारीवरच्याच होत्या.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली या कामावर आहेत. त्यांनी बॅज आणि एप्रनसाठी रुग्णालय प्रमुखांकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी. एकट्याने नव्हे, दहा जणांनी मिळून. मसुदा मी विनामूल्य करून देईन.