फोम ओतला म्हणजे होडी दुरुस्त झाली, असं नाही!

फायबरच्या होडीवर धंदा करणाऱ्यांसाठी, मग ती मासेमारीची असो वा पर्यटकांना फिरवण्याची, आज थोडं स्पष्ट बोलतो. तळाला चीर गेली, पाणी येतंय, की सरळ दोन डब्यांचा फोम आणायचा आणि पोकळीत ओतून मोकळं व्हायचं, हा प्रकार वाढलाय. माझं मत सांगतो: ही दुरुस्ती नाही, दुखण्यावर घातलेलं पांघरूण आहे.

आधी फोमचं खरं काम समजून घ्या. लाकूड पाण्यावर तरंगतं, फायबर बुडतं. पाणी भरलं की इंजिनाच्या वजनासकट फायबरची होडी तळाला जाऊ शकते. म्हणून फोम हवाच! बाजारातला नेहमीचा फोम घनफुटाला एक किलोच्या आतबाहेर भरतो आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे २८ किलो वजन तोलून धरतो. म्हणजे तो तुमचा विमा आहे. पण विमा काढला म्हणून फुटलेलं छप्पर शिवलं जातं का?

चीर भरायची तर फायबरनेच. खराब भाग घासून काढा, चिरेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट उतार द्या. जाडी ५ मिलिमीटर असेल तर ६० मिलिमीटर. मग मॅट आणि रेझिनचे थर. हे वाळलं, पाणी टाकून तपासलं, की मगच फोमचा विचार.

आता हिशोब बघा. चीर तशीच ठेवून वर फोम ओतला तर पाणी आत येतच राहतं, फक्त दिसत नाही. पाण्यात वर्षानुवर्षं बसलेला फोम हळूहळू पाणी धरतो. दहा घनफुटांच्या पोकळीत निम्म्या जागेत पाणी मुरलं, तर १४० किलो. दोन प्रवासी तिकीट न काढता रोज बसलेत असं समजा! डिझेल जास्त, वेग कमी, आणि आतलं प्लायवूड कुजतंय ते वेगळंच. पुढे तो फोम खरवडून काढायची मजुरी तुम्हीच देणार, तीही बोट बंद ठेवून.

ओतायचाच असेल तर हे पाळा:

१. पोकळी कोरडीठाक हवी. ओलाव्याने फोम बिघडतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सगळी कामं पावसात निघतात. फोमचं काम मात्र त्याआधी उरका.

२. थोडा थोडा, थराथराने ओता. मिश्रण फुगताना तापतं. एकदम जाड ओतलं तर आतून करपतं, पेटूही शकतं. फुगायला वाट ठेवली नाही तर तळच फुगवून टाकतं.

३. पाणी वाहून जायची वाट आणि डिझेलची टाकी फोमने बुजवू नका.

४. उघड्यावर काम करा. हातमोजे, चष्मा, चांगला मास्क घाला. त्या रसायनाने दम्याचा त्रास लागू शकतो.

थर्माकोल भरून वर पॉलिएस्टर रेझिन मारायची युक्तीही करू नका, रेझिन थर्माकोल विरघळवतं.

आणि एक फुकटची सवय: हंगामाच्या सुरुवातीला रिकामी होडी पाण्यात कुठवर बसते तिथे रंगाची रेघ मारा. पुढच्या वर्षी रेघ पाण्याखाली गेली, तर आत काहीतरी मुरतंय.

मंडळी, गिऱ्हाईक तुमच्या होडीत बसतं ते रंग बघून नाही, विश्वासाने. रंगाखाली काय आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं. तिथेच पैसे वाचवू नका.