श्वान पाळताना : नर की मादी?

भंडारा-तुमसरच्या बाजारपेठेत पुढे दुकान आणि मागे घर असलेल्या कुटुंबांत मुलांनी श्वानाच्या पिल्लाचा हट्ट धरला की वडीलधाऱ्यांची अट ठरलेली असते : ‘आणायचेच तर नर आणा, मादीच्या मागे पिल्लांचा व्याप.’

व्याप खरा आहे. मादी साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते आणि गर्भ राहिल्यास सुमारे ६३ दिवसांत अनेक पिल्लांना एकदम जन्म देते. परंतु मोकाट नरही गंधामागे भटकतो, भांडतो, जखमी होतो. त्याची संतती मात्र परक्या अंगणात किंवा राईस मिलच्या आडोशाला जन्मते. म्हणून त्याच्या मालकाला तो व्याप दिसत नाही, इतकेच. माया आणि राखण यांत लिंगापेक्षा संगोपनाचाच वाटा मोठा असतो.

राहिला नसबंदीचा प्रश्न. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ‘छेद’ या शब्दाशी श्रावकाचे मन अडखळते, हे स्वाभाविक आहे. मात्र नकोशी पिल्ले उपाशी मरण्यास रस्त्यावर सोडणे हा अन्नपाननिरोधच होय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही तो गुन्हा ठरतो. शस्त्रक्रिया नको असेल, तर माजाचे सुमारे तीन आठवडे मादीवर आणि बारमाही नरावर लक्ष ठेवण्याची तयारी हवी.

ती तयारी असलेल्या घरात नर आला काय किंवा मादी आली काय, दोघांचेही कल्याणच होईल. तयारी नसेल, तर पिल्लू न आणणे हीच त्याच्यावरील दया.