बोलण्याचे इंग्रजी, अभ्यासाचे इंग्रजी

मुलगा बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात शिकला, अस्खलित बोलतो, तेव्हा परदेशी विद्यापीठात त्याला भाषेची अडचण ती कसली, अशी अनेक पालकांची ठाम समजूत असते. लाखो रुपयांचे कर्ज काढून त्याला इंग्लंडला वा ऑस्ट्रेलियाला धाडले जाते आणि पहिल्याच सत्रातील निबंध शेऱ्यांनी भरून परत येतो. विषय समजलेला असतो, व्याकरणही फारसे चुकलेले नसते. उणीव असते ती विद्वत्लेखनाच्या भाषेची.

ही उणीव तेथील विद्यापीठांनी केव्हाच ओळखली आहे. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांसाठी मुख्य अभ्यासक्रमाआधी काही आठवड्यांचे भाषावर्ग चालवतात. त्यांत भर असतो तो व्याख्यानाची टिपणे काढणे, संदर्भ देणे, दुसऱ्याचे मत स्वतःच्या शब्दांत मांडणे यांवर.

शब्दांच्या बाबतीत तर मोजमापच झाले आहे. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा व विज्ञान या शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली एक यादी प्रसिद्ध केली. नित्य वापरातील सुमारे २,००० शब्दकुले त्यांनी आधीच वगळली होती. (वगळण्यासाठी वापरलेली ती १९५३ची यादी मायकेल वेस्ट यांची, आणि हे वेस्ट ब्रिटिश अमदानीत ढाक्याला शिक्षणखात्यात होते, बंगाली मुलांना इंग्रजी वाचन कसे शिकवावे याच विवंचनेत!) उरली ती ५७० शब्दकुले. ‘अ‍ॅनालाइज’, ‘अ‍ॅनालिसिस’, ‘अ‍ॅनालिटिकल’ हे सारे मिळून एक कुल. विद्वत्लेखनाचा सुमारे १० टक्के भाग या ५७० कुलांनी व्यापलेला आढळला. कथा-कादंबऱ्यांत मात्र हे प्रमाण जेमतेम १.४ टक्के. चित्रपट पाहून आणि कादंबऱ्या वाचून हे शब्द अंगवळणी पडत नाहीत, ते याचसाठी.

यादी घोकूनही भागत नाही. एखाद्या प्रयोगाने काही ‘प्रूव्ह’ होते, ‘इंडिकेट’ होते की केवळ ‘सजेस्ट’ होते, यात खात्रीच्या तीन पायऱ्या आहेत. नवखा विद्यार्थी सर्रास ‘प्रूव्ह’ लिहितो आणि प्राध्यापकाच्या लेखी उतावळा ठरतो. याहून गंभीर म्हणजे, शब्द तोकडे पडले की तो मूळ ग्रंथातील वाक्येच उतरवून काढतो. मग वाङ्मयचौर्याचा ठपका येतो, प्रसंगी पदवीच धोक्यात येते. त्यामागे दर वेळी लबाडी असते असे नाही. पुष्कळदा ती शब्दांची दरिद्रता असते.

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद स्पष्ट केला. स्थलांतरित मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीत बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना पुढे आढळले. मातृभाषेत पक्की झालेली संकल्पना दुसऱ्या भाषेत नेता येते, हाही त्यांचाच सिद्धान्त. गृहीतक, अनुमान आणि निष्कर्ष यांतील अंतर ज्याला मराठीत उमगले आहे, त्याला ‘हायपॉथेसिस’, ‘इन्फरन्स’ आणि ‘कन्क्लूजन’ ही केवळ नवी नावे शिकायची असतात. ज्याला ते कोणत्याच भाषेत उमगलेले नाही, त्याचे बोलणे कितीही सफाईदार असले तरी ओझे दुहेरीच. कॉक्सहेड यांच्या यादीतील ८० टक्क्यांहून अधिक शब्द मुळात ग्रीक-लॅटिन आहेत. इंग्रज मुलालाही ते शाळा-महाविद्यालयातच कमवावे लागतात.

मराठीत या संकल्पनांची तयारी करून घेणारी साधने नाहीत, असेही नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश सिद्ध केलेले आहेत, प्रत्येक इंग्रजी संज्ञेसमोर मराठी पर्याय देणारे. ‘आयईएल्टीएस’च्या शिकवणीला हजारो रुपये मोजणाऱ्या घरांत त्यांतला एखादा कोश क्वचितच दिसतो.