ऐपतीचा दाखला नसलेल्या स्त्रिया

गुन्हा केला म्हणून तुरुंग, हे सूत्र आपण लहानपणापासून इतके निःशंकपणे स्वीकारलेले असते की, तुरुंगात असलेली प्रत्येक व्यक्ती गुन्हेगारच असली पाहिजे असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियांवरील कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. बोलीभाषेत ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, त्या वर्गात त्यांची गणना होत होती. दीड हजारांहून अधिक स्त्रियांबरोबर त्यांची १,७६४ मुलेही तुरुंगात राहत होती आणि या मातांमध्येही बहुसंख्या कच्च्या कैद्यांचीच होती.

या स्त्रियांपैकी काहींवरील आरोप गंभीर आहेत आणि त्यांना जामीन नाकारण्यास न्यायालयांपाशी सबळ कारणे असतील. त्यांच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. प्रश्न आहे तो जामीन मंजूर होऊनही तो देता येत नाही म्हणून गजांआड राहणाऱ्या स्त्रियांचा. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने कायद्याच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु जेथे स्वातंत्र्याला किंमत लावली जाते, तेथे ती किंमत कोणाला परवडते आणि कोणाला परवडत नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच होऊन बसतो.

जामिनाची रीत काय आहे ती पाहू. न्यायालय एक रक्कम ठरवते. आरोपीने तेवढ्या रकमेचा जातमुचलका लिहून द्यायचा आणि बहुधा एक किंवा दोन जामीनदार उभे करायचे. जामीनदाराने आपली ऐपत सिद्ध करायची, म्हणजे सातबाराचा उतारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा तहसीलदाराकडील ऐपतीचा दाखला हजर करायचा. जामीनदार स्थानिक असावा, असाही आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी यांतला एखादा तरी कागद कपाटात सापडतो, आणि दोन सहकारी सह्या करण्यास पुढे येतात. आता समजा, परगावाहून पोटासाठी शहरात आलेल्या एखाद्या मोलकरणीवर दागिना चोरल्याचा आरोप आला आणि तिला पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला. तिच्या ओळखीची माणसे कोण? शेजारच्या झोपडीतली दुसरी मोलकरीण, कोपऱ्यावरचा भाजीवाला आणि जिच्या घरी ती काम करीत होती ती फिर्यादी बाई! यांपैकी पहिल्या दोघांपाशी ऐपतीचा कागद नाही आणि तिसरी जामीन राहणार नाही. हुकूम झाला तरी कुलूप उघडत नाही, ते या कारणाने.

ही अडचण गरीब पुरुषालाही येते, हे खरे. पण स्त्रीच्या बाबतीत तिला आणखी दोन पदर आहेत. पहिला मालमत्तेचा. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील वहिवाटीखालील शेतजमिनींच्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के एवढेच होते. शेतात राबणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा किती मोठा आहे, हे ज्याने खुरपणी किंवा लावणी पाहिली आहे त्याला सांगावयास नको. राबणारे हात तिचे आणि उताऱ्यावरचे नाव दुसऱ्याचे, ही आपल्याकडील जुनी वहिवाट. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ करून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले, त्यामागे हीच जाणीव होती. जी व्यवस्था माणसाची विश्वासार्हता त्याच्या उताऱ्यावरून मोजते, ती स्त्रीला आरंभापासूनच खालच्या पायरीवर उभी करते.

दुसरा पदर नात्यांचा. कमावता पुरुष आत गेला की त्याची बायको मंगळसूत्र गहाण टाकून वकिलाचे दार ठोठावते, आई गावातल्या पुढाऱ्याचे पाय धरते. स्त्री आत गेली म्हणजे मात्र पुष्कळदा सासरचे लोक हात झटकतात आणि माहेरचे लोक धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी करीत गप्प बसतात. तुरुंगात जाऊन आलेल्या पुरुषाला घर परत घेते. स्त्रीला घेईलच याची शाश्वती नसते. त्यातच केवळ स्त्रियांसाठी असलेले तुरुंग देशात मोजके असल्याने बहुसंख्य स्त्रिया पुरुषांच्या तुरुंगातील एखाद्या बराकीत राहतात. तेथे त्यांची संख्या थोडी, म्हणून त्यांची दादही थोडी. पारध्यांसारख्या जमातींतील स्त्रियांची स्थिती तर याहून बिकट. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदोपत्री मुक्त झाल्या, पण त्यांच्यासाठी जामीन राहणारा प्रतिष्ठित गृहस्थ अद्याप सहजी सापडत नाही.

हे सारे न्यायालयांना ठाऊक नाही, असे मुळीच नाही. १९७८ साली मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे एका गवंड्याचे प्रकरण आले होते. दंडाधिकाऱ्याने त्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ही रीत गरिबांना अन्यायकारक असल्याचे सांगून त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्यास फर्मावले. पुढच्याच वर्षी हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांचे भयानक दर्शन देशाला घडले. आरोप शाबीत झाला असता जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ कित्येक जण खटल्याची वाट पाहत आत होते. त्यांत अशाही स्त्रिया होत्या की, ज्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता. त्या कुठल्यातरी गुन्ह्याच्या बळी किंवा साक्षीदार होत्या आणि ‘संरक्षणा’च्या गोंडस नावाखाली त्यांना तुरुंगात ठेवण्यात आले होते! १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईतील स्त्री-कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, स्त्री-शिपायांची देखरेख व मोफत वकील यांविषयी आदेश निघाले. २००६ साली मातांबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांच्या आहाराविषयी, आरोग्याविषयी आणि शिक्षणाविषयी न्यायालयाने तपशीलवार सूचना दिल्या.

कायद्याच्या पुस्तकातही उणीव आहे असे म्हणता येत नाही. गंभीर गुन्ह्यांतही आरोपी स्त्री असल्यास तिला जामीन देण्याची मुभा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जामीन मिळूनही महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट सैल करण्याचा विचार न्यायालयाने आपण होऊन करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी साहाय्याची घोषणा झाली. कच्च्या कैद्यामागे चाळीस हजारांपर्यंतची रक्कम देण्याचे त्यानंतरच्या नियमांत ठरले. मग घोडे अडते कोठे? ते अडते ‘मुभा आहे’ आणि ‘दिलेच पाहिजे’ या दोहोंमधील अंतरात. मुभा वापरण्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो, युक्तिवाद करावा लागतो, समितीपुढे कागद ठेवावे लागतात. ज्या स्त्रीला भेटावयासही कोणी येत नाही, तिच्या वतीने हे कोण करणार?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जामीनदार नसेल तर आरोपी पळून जाईल, खटले रखडतील आणि फिर्यादीला न्याय मिळणार नाही, असा तो आक्षेप आहे. फिर्यादीलाही न्यायाचा हक्क आहे, हे निर्विवाद. परंतु पळून जाण्यासाठीही साधने लागतात. पदरी दोन मुले आणि हातावर पोट असलेली बाई कोठे पळणार? उलट ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याला जामीनदारही मिळतो आणि पळण्याचे भाडेही मिळते. कचेऱ्यांच्या आवारात भाड्याने जामीन राहणाऱ्यांचा धंदा चालतो, हे तर सर्वश्रुत आहे. अशा भाडोत्री जामीनदाराचा आणि आरोपीचा परिचयही नसतो. त्याच्या सहीने कोणती हमी मिळते?

या ठिकाणी बँकांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. तारण नाही म्हणून गरीब स्त्रीला कर्ज देता येत नाही, असे बँकाही पूर्वी म्हणतच होत्या. १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला आणि विनातारण, केवळ परस्परांच्या शब्दावर स्त्रियांना कर्जे मिळू लागली. पैशाच्या व्यवहारात ज्यांचा हात आखडता असायचा, त्या बँकांनी जर उताऱ्याऐवजी शेजारणींचा शब्द ग्राह्य मानला, तर न्यायालयांनी तो मानण्यास प्रत्यवाय कोणता? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत स्त्री-आरोपीस जातमुचलक्यावर सोडणे हा नियम असावा आणि त्याला अपवाद करावयाचा झाल्यास न्यायाधीशांनी कारणे लिहावीत. हमी आवश्यकच वाटली तर बचत गटाची किंवा वस्तीतील दोन रहिवाशांची हमी पुरेशी मानावी. आणि जामीन होऊनही आत राहिलेल्या स्त्रियांची यादी तुरुंगाच्या अधीक्षकाने दरमहा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी व ती जाहीरही व्हावी. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. उलट कच्च्या कैद्याला तुरुंगात पोसण्याचा खर्च सरकार रोज करीतच असते आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचा, शाळा सुटलेल्या मुलांचा खर्च तर कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा वाटू नये. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेवर संकट ओढवले की पुरुष नामानिराळा राहत असे आणि फासाची किंवा काळ्या पाण्याची पाळी तिच्यावर येई. १८८१ साली सुरतकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. ती पुढे कमी झाली. परंतु त्या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. फुले दांपत्याने त्या काळी शिक्षेच्या कठोरपणावर केवळ टीका केली नाही. गुन्हा घडूच नये म्हणून एक घर उघडले. त्या घराला लागलेला खर्च एका खटल्याच्या आणि एका फासाच्या मानाने काय होता?

कोणाला जामीन राहू नये, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश आपल्या घराघरांत ऐकू येतो आणि व्यवहारात तो शहाणपणाचाही असेल. परंतु व्यक्तीने जे टाळावे, ते समाजानेही टाळले तर दुर्बळांना वाली उरत नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व आपण संविधानाच्या राज्यात मानतो. ते मानावयाचे असेल, तर उतारा नसलेल्या, पगारपत्रक नसलेल्या आणि भेटावयास कोणीही न येणाऱ्या स्त्रीलाही ते लागू केले पाहिजे. तिच्यासाठी जामीन राहण्याची जबाबदारी आता कायद्यानेच पत्करावी.