पेट्या वाटल्या, रोगाचे काय?

मधमाश्या नाहीशा झाल्या तर मनुष्यजात चार वर्षांत संपेल, असे म्हणे आइन्स्टाइन सांगून गेला. आमच्या भागातल्या प्रत्येक वृक्षारोपणाच्या भाषणात हे वाक्य हमखास येते. त्याने ते म्हटल्याचा पुरावा कोणालाही सापडलेला नाही. पण माझा राग त्या उसन्या वाक्यावर नाही, टाळ्यांनंतर जे घडते त्यावर आहे. पाहुण्यांच्या हस्ते मधपेट्या वाटल्या जातात, छायाचित्र निघते, आणि पेटीतली माशी मरते कशाने हे कोणी विचारीत नाही.

विचारलेच तर उत्तर तयार असते: मोबाईलचे टॉवर! टॉवर डोळ्यांना दिसतो, विषाणू दिसत नाही. आरोपी दिसणारा असला की आपले समाधान होते. कीटकनाशकांचा दोष मी नाकारीत नाही, तो मोठाच आहे. परंतु दक्षिणेत आपल्या सातेरी माशीचा मोठा संहार सुरू झाला तो १९९१-९२ च्या सुमारास. तेव्हा देशात मोबाईलची सेवाच नव्हती. मारेकरी होता थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू. १९७६ साली थायलंडात त्याची ओळख पटली, थोड्याच वर्षांत तो उत्तर भारतात दिसला, आणि दक्षिणेत शिरल्यावर पाळीव सातेरीच्या ९० टक्क्यांहून अधिक वसाहती बुडाल्याची नोंद आहे. ज्या कोडगूच्या मधाचे नाव देशभर होते, तिथल्या पेट्या ओस पडल्या.

हा रोग मोठ्या माशीला वरकरणी काही करीत नाही, इथेच त्याचे कपट आहे. तो अळीला धरतो. अळीची शेवटची कात सुटत नाही. कात आणि अंग यांच्यामध्ये पाणी साचते. चिमट्याने उचलावी तर पाण्याने भरलेली इवलीशी पिशवी हाती येते. मेलेली अळी काढून घर झाडणाऱ्या कामकरी माश्यांनाच विषाणू चिकटतो, आणि त्याच पुढे दुसऱ्या अळ्यांना भरवतात. स्वच्छतेतून संसर्ग! नवी पिढी उपजत नाही, जुनी झिजते, आणि उरलासुरला थवा एके दिवशी पेटी सोडून जातो. मालक म्हणतो, "माश्या रुसल्या." रुसल्या कसल्या? रोग घेऊन दुसऱ्या रानात गेल्या.

यावर औषध नाही. तरीही साखरेच्या पाकातून प्रतिजैविके पाजणारे महाभाग आहेत. प्रतिजैविक जिवाणूवर चालते, विषाणूवर नव्हे, हे आमची नववीची मुलेही सांगतील. पाजलेले औषध मधात उतरते ते वेगळेच. २०१० साली युरोपीय संघाने भारतीय मधाला दार बंद केले, त्यात अशा अंशांची तक्रार होती.

दुसरा उतारा परदेशी माशीचा. ॲपिस मेलीफेरा १९६० च्या दशकात उत्तरेत स्थिरावली. मध अधिक देते, हे खरे. पण व्हरोआ हा कोळी मूळचा सातेरीचा; ती त्याला अंगावरून झाडून टाकते, आणि तिच्याकडे तो बहुतेक नरांच्या घरातच वाढतो. मेलीफेराला ही विद्या फारशी अवगत नाही. तिच्या कामकऱ्यांच्या घरांतही तो वाढतो, आणि माणसाने उपचार केला नाही तर वसाहत सहसा दोन-तीन वर्षांत संपते. म्हणजे एका रोगातून सुटायला दुसऱ्याचा शेजार.

आमच्या शाळेला एका योजनेतून दोन पेट्या मिळाल्या. सोबतच्या पत्रकात अनुदानाच्या अटी होत्या, मधाच्या उत्पन्नाचे गणित होते. 'रोग' हा शब्द नव्हता. वसाहती कुठून आणल्या, त्यांची अळी कोणी तपासली, हेही नव्हते. गुरांच्या बाजारात आपण जनावराचे दात पाहतो. माश्यांची पेटी मात्र डोळे मिटून शंभर कोस नेतो.

वास्तविक मार्ग ठाऊक आहेत, त्यात फीत कापण्याजोगे काही नाही एवढेच. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, म्हणजे विषाणूला अळीच मिळत नाही. एका पेटीतील पोळे दुसरीत घालायचे नाही. आणि साथीतून ज्या वसाहती तगल्या त्यांच्याच राण्या वाढवायच्या. त्या महासाथीनंतर दक्षिणेतील सातेरी पुन्हा वाढली ती अशा तगलेल्या वसाहतींतूनच. खानापूर-जांबोटीच्या रानात झाडांच्या ढोलीत त्यांचे वंशज असतील. ते शोधायला दोन जाणती माणसे नेमा, आणि येत्या वर्षी पेट्या वाटणार असाल तर प्रत्येक पेटीवर वसाहतीचे मूळ गाव व तपासणीची तारीख लिहून द्या. तेवढे होईपर्यंत आमच्या शाळेला तिसरी पेटी नको.