काटकसर कुणाच्या खिशातून?

सुटीत गोव्याला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न 'समुद्र कसा होता?' हा नसतो, 'किती लागले?' हा असतो. त्यात मला काही वावगे वाटत नाही. पगारात घर चालविणाऱ्याने सहलीला निघताना हिशेबाची वही बरोबर घ्यावी, हे योग्यच. माझी तक्रार वेगळी आहे. स्वस्तात जाऊन आल्याची जी कौतुके कानी पडतात, त्यांत आपली कोणती हौस आवरली हे क्वचित असते. दुसऱ्याला किती घासले, हेच फार.

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता चार दिवस पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके हिंडलो. निघालो एस.टी.ने. 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, पुढच्या टप्प्याचे पुरे पैसे पडतात. तेव्हा घरच्या मंडळींच्या अर्ध्या तिकिटावर यजमानांनी फार मोठे बेत रचू नयेत! मोरजी-मांद्र्याला समुद्रकाठी खोली न घेता आम्ही पेडणे गावातच उतरलो. रात्री लाटांचा आवाज ऐकू आला नाही, एवढेच नुकसान.

खरे सांगायचे तर या भागात जे पाहण्यासारखे आहे त्याला बहुधा दाम पडतच नाही. पत्रादेवीला उतरा. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, ती ही जागा. केरीहून तेरेखोलला नेणाऱ्या फेरीबोटीत पायी उतारूला तिकीट नाही. आणि डिचोली तालुक्यातले नार्वे! दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले, देव नदी ओलांडून नार्व्याला आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तेथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. देऊळ कौलारू, पुढे दीपमाळ; डामडौल काही नाही. दर्शन घेऊन धक्क्यावर यावे आणि फेरीबोटीने दिवाडीला जावे. देव ज्या नदीपलीकडून आला तिकडेच आपण निघालेलो असतो. पायी माणसाला या बोटीतही पैसे पडत नाहीत. साऱ्या गोव्यात याहून मोलाचा प्रवास मला तरी ठाऊक नाही.

याच्या उलट केरीच्या किनाऱ्यावर पाहिले ते सांगतो. गाडीतून उतरलेल्या मंडळींनी सुरूच्या सावलीत सिलिंडर मांडला, घरून आणलेला तांदूळ शिजविला, जेवले, आणि खरकट्यासह ताटे वाळूत टाकून गाडीत बसले. उघड्यावर असा स्वयंपाक करण्यास गोवा सरकारने 2019 साली कायद्याने बंदी केली, दंडही ठेवला. कायदा राहू द्या. खाणावळीचे पैसे वाचले म्हणून ही मंडळी गावी जाऊन मिशीवर ताव देणार, आणि ती ताटे कोण उचलणार? केरीचीच कुणी बाई, उन्हात. वाचलेल्या पैशांतला वाटा तिला कोणी पाठविल्याचे ऐकिवात नाही.

मी तरी कोठे धुतल्या तांदळासारखा आहे? हरमलला एक म्हातारी घरची मिरची घेऊन रस्त्याकडेला बसली होती. हरमलची मिरची तिकडे नावाजलेली. आणि कोल्हापूरचा माणूस मिरचीच्या बाबतीत हार मानील तर शपथ! 'आमच्याकडे याहून झणझणीत, याहून स्वस्त' असे म्हणत मी पिशवीमागे वीस रुपये उतरवून घेतले. आमची बस दिसू लागली होती, म्हणून जोर अधिक. म्हातारी काही भांडली नाही. "व्हर, पुता," एवढेच म्हणाली आणि पिशवीला गाठ मारू लागली. पन्नाशी उलटलेल्या मला कोणी 'पुता' म्हटल्याला बरीच वर्षे झाली होती.

बसमध्ये बसल्यावर सौ.नी विचारले, "पेडण्यात सकाळी दोन चहा, दोन भजी घेतलीत, तेव्हा भाव केलात का हो?" केला नव्हता. तेथे फळ्यावर दर लिहिलेला होता, आणि गल्ल्यावरच्या गृहस्थाची मुद्रा काही भाव करण्याजोगी नव्हती. म्हातारीपाशी फळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी डिचोलीला जाण्याआधी आम्ही पुन्हा हरमलची बस धरली. म्हातारी त्या जागी नव्हती. शेजारी शहाळी विकणाऱ्या पोराने सांगितले की ती रोज येत नाही. वीस रुपये त्याच्यापाशी ठेवले. ते तिला पोचले असतील असे मी धरून चालतो. वहीत मात्र जाण्यायेण्याचे बसभाडे 'मिरची' या सदराखालीच मांडले आहे, आणि त्या हिशेबाने ती कोल्हापूरपेक्षा बरीच महाग पडली.